दहा हजारांच्या आतली गिटार: नावे पाच, कारखाना एकच?

तुम्ही विचारले आहे ते थोडक्यात असे. तुम्ही चिपळूणला शाळेत शिक्षक आहात, चौतिसाव्या वर्षी गिटार शिकायला घेत आहात, भावगीतांना आणि जुन्या हिंदी गाण्यांना स्वतःच साथ करता यावी एवढीच अपेक्षा आहे आणि दहा हजार रुपयांच्या फार पुढे जायचे नाही. यामाहाची एफ ३१०, कोर्टची एडी ८१०, फेंडरची एफए-१२५, केडन्सचे एक मॉडेल आणि जुआरेझची ३८ इंची गिटार अशी यादी तुम्ही केली आहे. फोटोत सगळ्या एकसारख्याच दिसतात, किमतीत मात्र तिप्पट-चौपट अंतर आहे. त्यात एका मित्राने सांगितले की या सगळ्या एकाच चिनी कारखान्यातून येतात, वरचा शिक्का तेवढा बदलतो. आणि दुसऱ्याने सांगितले की सॉलिड टॉप, म्हणजे पेटीची पुढची पाटी प्लायऐवजी खऱ्या लाकडाची, नसेल तर पैसे पाण्यात. यातले खरे किती आणि घ्यायचे काय, हे तुम्हाला हवे आहे.

मी पुण्यात बावीस वर्षे गिटारदुरुस्ती करतो. गिटार विकत नाही, त्यामुळे कोणत्याही नावाशी माझे देणेघेणे नाही. पण माझ्या अनुभवात एक खोट आहे ती आधीच सांगतो. माझ्याकडे बिघडलेली गिटार येते. चांगली चाललेली गिटार घरी सुखाने वाजत असते, ती मला दिसत नाही. तेव्हा पुढचे सगळे वाचताना एवढी सूट धरावी.

माझ्या मते तुमची खरी अडचण पाच नावांतून एक निवडण्याची नाही. तुमच्या घरी जो एक नग येणार आहे, तो पहिल्या दिवशी नवख्या बोटांना दाबता येईल का, सुरात राहील का आणि चिपळूणचे तीन-चार पावसाळे काढील का, ही खरी अडचण आहे. या किमतीत एकाच मॉडेलच्या दोन नगांमधले अंतर पुष्कळदा दोन ब्रँडमधल्या अंतराहून मोठे निघते. म्हणून मी नावांबद्दल थोडे आणि नगाबद्दल जास्त लिहिणार आहे.

कारखान्याच्या गोष्टीत तथ्य आहे आणि ती नवी मुळीच नाही. आज आपण जिला सर्रास ‘मोठी गिटार’ म्हणतो ती ड्रेडनॉट या आकाराची. हा आकार अमेरिकेत मार्टिन कंपनीने १९१६ साली बनवला, पण त्या पहिल्या गिटारी बाजारात आल्या त्या ऑलिव्हर डिट्सन या विक्रेत्याच्या नावाने; मार्टिनने स्वतःचे नाव घालून त्या विकायला घेतल्या १९३१ साली. पुढे शिकागोच्या हार्मनी कंपनीने सीअर्स या दुकानासाठी ‘सिल्व्हरटोन’ नावाने असंख्य गिटारी बनवल्या. म्हणजे बनवणारा एक आणि नाव दुसऱ्याचे, हा या धंद्याचा शंभर वर्षांचा शिरस्ता आहे. आपल्याकडे मिरजेच्या तंबोऱ्याबद्दल जाणकार माणूस दुकानाचे नाव न विचारता कोणाच्या हातचा आहे ते विचारतो, ते याचसाठी.

आजची स्थिती मात्र तुमच्या मित्राने सांगितली तितकी सरसकट नाही. यामाहा आपल्या गिटारी मुख्यतः स्वतःच्याच कारखान्यांत बनवते. एफ ३१० इंडोनेशियातून येते. कोर्ट ही मूळची कोरियन कंपनी तर उलट्या बाजूने प्रसिद्ध आहे: इंडोनेशियातल्या आपल्या कारखान्यात ती स्वतःच्या नावाच्या गिटारी बनवते आणि इबानेझ, स्क्वायर अशा इतरांसाठीही बनवून देते. फेंडर किंवा एपिफोन यांची स्वस्त मॉडेल्स अमेरिकेत बनत नाहीत, ती चीन-इंडोनेशियात बनतात; मात्र मापे, लाकूड आणि तपासणीचे निकष मूळ कंपनी ठरवून देते. आणि शेवटी पुष्कळशी नावे अशी आहेत की आयातदार कारखान्याची माहितीपुस्तिका उघडतो, हेडस्टॉकचा, म्हणजे मानेच्या खुंट्या असलेल्या टोकाचा, आकार, आवाजाच्या भोकाभोवतीची नक्षी आणि रंग निवडतो, नाव छापून घेतो आणि कंटेनर मागवतो. चीनच्या गुइझोउ प्रांतातील झेंगआन हा सबंध तालुकाच आज गिटारींच्या कारखान्यांसाठी ओळखला जातो. कोणे एके काळी ग्वांगडोंगच्या गिटार कारखान्यांत मजुरीला गेलेली माणसे गावी परतली आणि त्यांनी तिथे हा धंदा उभा केला.

याचा पुरावा मी स्वतः पाहिला आहे. काही वर्षांपूर्वी एकाच आठवड्यात दोन वेगवेगळ्या नावांच्या गिटारी टेबलावर आल्या, दोन्हींचा ब्रिज, म्हणजे पेटीवर तारा अडकवायचा लाकडी तुकडा, सुटत आलेला. दाताच्या डॉक्टरांकडे असतो तसला छोटा आरसा आणि दिवा घेऊन मी आत पाहिले, तर आतल्या आधारपट्ट्या, म्हणजे ब्रेसिंग, मिलिमीटरपर्यंत एकसारखे, सांडलेल्या गोंदाचे ओघळही त्याच ठिकाणी आणि मागच्या फळीवर पेन्सिलने काढलेली खूणही एकाच हाताची. एक गिटार दुसरीपेक्षा जवळपास दोन हजारांनी महाग घेतली होती. नावे सांगण्यात अर्थ नाही, कारण पुढच्या वर्षी ती दोन्ही नावे वेगवेगळ्या कारखान्यांकडे गेलेली असू शकतात.

पण यावरून ‘मग सगळ्यात स्वस्त तीच घ्यावी’ असा निष्कर्ष काढू नये. शिवणकामाचा एकच कारखाना दोन दुकानांना शर्ट पुरवतो, पण एकाने इंचाला चौदा टाके मागितलेले असतात आणि दुसऱ्याने आठ. गिटारीत हे टाके म्हणजे लाकूड किती वाळवले, फ्रेट, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, बसवल्यावर ते घासून एका पातळीत आणले की नाही, हेडस्टॉकजवळच्या पट्टीच्या, म्हणजे नटच्या, खाचा योग्य खोलीपर्यंत कापल्या की नाही, आणि बिघडलेला नग बाजूला काढला की डब्यात भरला. यातले काहीही फोटोत दिसत नाही आणि महाग नावाचे पैसे तुम्ही मुख्यतः याच गोष्टींसाठी मोजत असता. माझ्या टेबलावरच्या त्या दोन गिटारींत मात्र जास्तीचे पैसे केवळ नक्षीसाठी गेले होते.

आता नगाकडे वळतो. नवशिक्या माणसाचे हाल करणारी पहिली गोष्ट म्हणजे ॲक्शन, अर्थात तार फ्रेटपासून किती उंच आहे ते. बाराव्या फ्रेटवर स्टीलची पट्टी उभी धरून फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत मोजावे. सगळ्यात जाड तारेखाली साधारण अडीच मिलिमीटर आणि सगळ्यात बारीक तारेखाली दोन मिलिमीटरच्या आसपास असेल तर ती गिटार शिकायला सोयीची. स्वस्त गिटारी बहुतेक वेळा साडेतीन-चार मिलिमीटरवर येतात, कारण उंच तार फ्रेटला लागून झणझणत नाही आणि कारखान्याला फ्रेट घासण्याचा खर्च वाचतो. त्रास होतो तो तुमच्या बोटांना. ‘माझी बोटे गिटारीसाठी नाहीतच’ असे म्हणून शिकणे सोडलेल्या किती जणांच्या गिटारी मी चार मिलिमीटरवर मोजल्या आहेत, याची गणती नाही.

ॲक्शन कमी करणे सोपे आहे, पण एका अटीवर. ब्रिजमध्ये जी पांढरी पट्टी असते तिला सॅडल म्हणतात. ती खालून घासून बुटकी केली की तारा खाली येतात. बारावा फ्रेट हा तारेचा बरोबर मध्य असल्यामुळे सॅडल जितकी घासाल त्याच्या निम्मी तार बाराव्या फ्रेटवर उतरते. साडेतीनवरून अडीचवर यायचे, म्हणजे एक मिलिमीटर उतरायचे, तर सॅडल दोन मिलिमीटर घासावी लागणार. आता सॅडल ब्रिजच्या लाकडावर मुळात दोनच मिलिमीटर डोकावत असेल तर घासायला काही उरतच नाही. तारा सॅडलवरून नीट वळून खाली गेल्या नाहीत की आवाज मरतो.

अशी स्थिती का येते, हे कळले तर तुमची अर्धी निवड झाली. मान आणि पेटी ज्या कोनात जोडली आहे तो कोन चुकला तर सॅडल आधीच बसकी असते आणि तारा तरीही उंच असतात. तपासायचे कसे, तर किमान अर्धा मीटर लांबीची एक सरळ पट्टी मानेच्या मधोमध, मानेच्या लांबीच्या दिशेने, फ्रेटवर ठेवून ब्रिजपर्यंत सरकवावी. तिचे टोक ब्रिजच्या लाकडाच्या वरच्या कडेला टेकले किंवा केसभर वरून गेले तर कोन ठीक. टोक ब्रिजच्या लाकडात मधोमध धडकत असेल तर ती गिटार, नाव कोणतेही असो, परत पाठवावी. मानेचा सांधा उकलून पुन्हा बसवणे हे काम होते, पण त्याची मजुरी या किमतीच्या गिटारीपेक्षा जास्त होते. मी अशा वेळी सरळ ‘करू नका’ म्हणून सांगतो.

बरेच जण इथे ट्रस रॉडकडे धावतात. मानेच्या आतली ती सळई मानेचा बाक सरळ करण्यासाठी असते, मानेचा कोन ती बदलू शकत नाही. बाक पाहायचा तर जाड तार पहिल्या आणि चौदाव्या फ्रेटवर एकाच वेळी दाबावी आणि सातव्या फ्रेटपाशी फट पाहावी. पोस्टकार्ड जेमतेम सरकेल एवढी असली की झाले. ॲक्शन उतरवण्यासाठी ट्रस रॉड पिळत गेलेल्या माणसांनी मला बरेच काम दिले आहे.

दुसरी गोष्ट नट, म्हणजे हेडस्टॉकच्या तोंडाशी असलेली खाचांची पट्टी. याकडे कोणाचे लक्ष जात नाही आणि नवशिक्याचा सर्वाधिक छळ हीच करते. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटवर पाहा. तिथे तार आणि फ्रेट यांच्यात केसाएवढी फट असायला हवी. स्वस्त गिटारींत तिथे नख सरकते. खाचा अशा उथळ राहिल्या की पहिल्या तीन फ्रेटवरचे कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवायचे स्वर, दाबायला दुप्पट जोर लागतो आणि जोर लावल्यामुळे तार ताणली जाऊन स्वर चढतो. मग ट्यूनर, म्हणजे स्वर दाखवणारे यंत्र, लावून सगळ्या तारा बिनचूक मिळवल्या तरी सी आणि एफ कॉर्ड बेसूर वाजतात आणि विद्यार्थी आपल्या कानाला दोष देतो. हे काम प्रत्येक तारेच्या जाडीच्या कानशीने करायचे असते, अर्ध्या तासाचे असते आणि त्यानंतर तीच गिटार वेगळी वाटते. माझ्याकडे नट, सॅडल आणि मान असा पूर्ण सेटअप तारांशिवाय हजार-बाराशे रुपयांत होतो. दुसरीकडे कमीजास्त असेल. म्हणून तुम्हाला माझा आग्रह असा की दहा हजार म्हणजे गिटारीचे साडेआठ आणि सेटअपचे दीड, असे धरून चाला. साडेआठ हजारांची सेटअप केलेली गिटार डब्यातून काढलेल्या बारा हजारांच्या गिटारीपेक्षा हाताला हलकी लागते, हे मी निःशंकपणे सांगू शकतो.

आता सॉलिड टॉप. पेटीच्या पुढच्या पाटीला टॉप म्हणतात आणि गिटारीचा आवाज बव्हंशी तीच ठरवते. सॉलिड टॉप म्हणजे स्प्रूससारख्या लाकडाच्या खऱ्या फळ्या, मध्ये जोडलेल्या. लॅमिनेट म्हणजे पातळ थर एकमेकांवर चिकटवलेली पाटी, आपल्या भाषेत प्लाय. ओळखायचे असेल तर आवाजाच्या भोकाच्या कडेकडे निरखून पाहावे. वरच्या रेषा कडेवरून खाली सरळ उतरताना दिसल्या तर सॉलिड. सँडविचसारखे थर दिसले तर लॅमिनेट. जाहिरातीत ‘स्प्रूस टॉप’ एवढेच लिहिलेले असेल आणि ‘सॉलिड’ हा शब्द नसेल तर ते लॅमिनेटच समजावे. तुमच्या यादीतली एकही गिटार सॉलिड टॉपची नाही. यामाहाची एफजी ८०० किंवा फेंडरची सीडी-६० एस इथपासून सॉलिड टॉप सुरू होतो आणि त्यांची किंमत तुमच्या मर्यादेच्या बरीच पुढे आहे.

तुमच्या दुसऱ्या मित्राचे म्हणणे आवाजापुरते बरोबर आहे. सॉलिड टॉपचा आवाज मोकळा असतो, वाजवत गेले की आणखी खुलतो. पण तो मित्र चिपळूणला राहत नसावा. लाकूड हवेतला ओलावा पिते आणि फुगते. सॉलिड टॉप आडव्या अंगाने फुगला की पेटी ब्रिजमागे वर येते, तिच्याबरोबर सॅडल वर येते आणि जूनमध्ये अडीच असलेली ॲक्शन ऑगस्टमध्ये सव्वातीन होते. विदर्भात याच्या उलट घडते. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत टॉप आक्रसतो, कधी उभी चीर जाते आणि फ्रेटबोर्ड आक्रसल्यामुळे फ्रेटची टोके बाहेर येऊन बोटांना बोचतात. लॅमिनेटमध्ये एका थराच्या रेषा दुसऱ्याला आडव्या असल्यामुळे थर एकमेकांना धरून ठेवतात आणि पाटी फारशी हलत नाही. गिटारीला मानवते ती साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता; कोकणात पावसाळ्याचे चार महिने हवा कित्येक दिवस ८० टक्क्यांच्या खाली येत नाही. वातानुकूलित खोली नाही, घर कौलारू आहे असे तुम्ही लिहिले आहे. अशा घरात पहिल्या गिटारीसाठी मी सॉलिड टॉप सुचवणार नाही, पैसे असते तरीसुद्धा.

लॅमिनेट दमटपणा सोसते, पाणी नाही, एवढे मात्र नोंदवून ठेवतो. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर तुमच्याच गावाहून दोन गिटारी माझ्याकडे आल्या होत्या. कडेचे थर पुस्तकाच्या पानांसारखे सुटले होते. दोन्ही परत पाठवल्या.

लाकडांच्या नावांवर फार वेळ घालवू नये. या किमतीत मागची आणि बाजूची पाटी लिंडन, मेरांटी, महोगनी अशी काहीही असते आणि ती लॅमिनेटच असते. एफ ३१० च्या माहितीत तर यामाहा ‘स्थानिक ठिकाणी मिळालेले लाकूड’ एवढेच मोघम लिहिते. फ्रेटबोर्ड रोझवूडचा नसून अक्रोडाचा आहे म्हणूनही खंत नको. रोझवूड आणि आपली शिसव ज्या डाल्बर्जिया वंशातली, त्या सगळ्या वंशाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २ जानेवारी २०१७ पासून निर्बंध आले, तेव्हा अनेक कंपन्यांनी स्वस्त मॉडेल्समधून रोझवूड काढून टाकले. २०१९ च्या अखेरीस तयार वाद्यांना सूट मिळाली, तरी बदललेली लाकडे बऱ्याच ठिकाणी तशीच राहिली. वाजवताना हा फरक मला डोळे मिटून ओळखता येत नाही.

मापांकडे मात्र लक्ष द्यावे, कारण ती बोटांना कळतात. नटपासून सॅडलपर्यंतची तारेची वाजती लांबी, जिला स्केल म्हणतात, ती एफ ३१० मध्ये ६३४ मिलिमीटर आहे, फेंडरच्या या वर्गातल्या ड्रेडनॉटमध्ये ६४३ आणि एफजी ८०० मध्ये ६५०. ऐकायला हे अंतर क्षुल्लक वाटते. पण तारा त्याच आणि स्वर तोच असेल तर ६३४ वर ताण ६५० पेक्षा सुमारे पाच टक्क्यांनी कमी लागतो. बाराच्या संचातल्या, म्हणजे बारीक तार ०.०१२ इंचाची असलेल्या संचातल्या, सहा तारा मिळून गिटारीवर सत्तर किलोच्या आसपास ओढ देतात, त्यातले पाच टक्के म्हणजे साडेतीन किलो. चौतिसाव्या वर्षी पहिल्यांदा तार दाबणाऱ्या बोटांना ते जाणवते. एफ ३१० इतकी वर्षे शिकाऊ लोकांच्या हातात टिकून राहिली, त्यात नावाइतकाच या लांबीचा वाटा आहे असे माझे मत आहे.

इंचांचा गोंधळ इथेच मिटवतो. ३८, ४०, ४१ हे आकडे गिटारीच्या एकूण लांबीचे असतात, आवाजाचे किंवा दर्जाचे नव्हेत. ४१ इंच म्हणजे पूर्ण ड्रेडनॉट. ३८ इंची गिटार लहान मुलाला किंवा प्रवासाला सोयीची असते. प्रौढ माणसाने मांडीवर घेतली तर पेटी अपुरी वाटते आणि गाण्याच्या साथीला जो खालचा भरीव आवाज हवा तो तिच्यातून निघत नाही. तुम्हाला गाण्याला साथच करायची आहे, म्हणून तुमच्या यादीतून मी ३८ इंची आधी काढतो. ती कोणत्या नावाची आहे याच्याशी याचा संबंध नाही. अगदी तळाच्या किमतीतल्या काही गिटारींना फिरवता येईल असा ट्रस रॉडच नसतो, हेही मागवण्यापूर्वी विचारून घ्यावे.

उरल्या चार. केडन्स हे भारतीय नाव आहे आणि अशा नावांखाली मॉडेल्स पुष्कळ असतात. एकाचा अनुभव दुसऱ्याला लावता येत नाही. सहा हजारांच्या आसपास थांबायचे असते तर मी या वर्गातली गिटार जरूर पाहिली असती, पण दुकानात हातात घेऊन, वर सांगितलेली पट्टी लावून. तुम्हाला घरपोच मागवायची आहे आणि तिथे नगानगातला फरक जास्त हा धोका उरतो. फेंडर एफए-१२५ वाईट नाही, पण लॅमिनेटच असताना हेडस्टॉकवरच्या नावाचे थोडे पैसे त्यात आहेत, असे मी मानतो. त्यामुळे खरी निवड एफ ३१० आणि एडी ८१० यांच्यातच आहे. दोन्हींत बनवणारा आणि विकणारा एकच, म्हणजे आज घ्या किंवा तीन वर्षांनी घ्या, मापे तीच मिळतात. कोर्टची मान मला व्यक्तिशः जास्त आवडते आणि जोरात वाजवली की ती अधिक बोलते. यामाहाचा आवाज जरा सपाट आहे, पण स्केल आखूड आहे, आणि जुनी म्हणून विकायला काढली तर पुण्या-मुंबईत दोन दिवसांत गिऱ्हाईक मिळते. तुमच्या बाबतीत मी एफ ३१० घेतली असती. हात मोठे असतील किंवा आधी कोणाच्या मोठ्या स्केलच्या गिटारीवर सराव झाला असेल तर एडी ८१० घ्यावी. या दोहोंत चूक होण्यासारखे काही नाही.

पिकअप, म्हणजे आवाज स्पीकरला देणारे उपकरण, बसवलेली, पेटीला खाच असलेली कटअवे आवृत्ती जवळपास त्याच किमतीत दाखवली जाईल. ती घेऊ नये. त्याच पैशांत वीज घातली आहे म्हणजे लाकडातून आणि मेहनतीतून काहीतरी काढले आहे.

शक्य असेल तर कोकण रेल्वेने एक दिवस मुंबईला जाऊन धोबी तलावच्या दुकानांत दोन्ही मॉडेल्स वाजवून पाहावीत, निदान दुकानदाराकडून वाजवून घ्यावीत, आणि जो नग हातात घेतला तोच बांधून मागावा; आतून सीलबंद डबा आणून देतो म्हणाले तर नम्रपणे नकार द्यावा. घरपोच मागवलीत तर परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी एक संध्याकाळ काढून पट्टीची चाचणी, बाराव्या फ्रेटचे माप आणि नटची फट पाहून घ्यावी. त्याशिवाय प्रत्येक तार मोकळी वाजवून ट्यूनरवर मिळवावी आणि मग तीच तार बाराव्या फ्रेटवर हलकेच दाबून वाजवावी. तोच स्वर वरच्या सप्तकात मिळायला हवा. काटा थोडा हलला तर चालेल, पण दाबलेला स्वर स्पष्ट चढा किंवा उतरा येत असेल तर सॅडलची जागा चुकली आहे. ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागदाचा कोपरा सरकतो का तेही पाहावे. सरकला तर ब्रिज सुटू लागला आहे. ॲक्शन किंवा नट उंच असणे हा परत पाठवण्याचा दोष नव्हे, ते सेटअपमध्ये सुटते. मानेचा कोन, सॅडलची जागा आणि सुटता ब्रिज या तिन्हींपैकी काही आढळले तर मात्र दया दाखवू नये.

तारांबद्दल एवढेच की सोबत आलेल्या तारा महिनाभरात बदलून अकराचा संच, म्हणजे बारीक तार ०.०११ इंचाची असलेला, लावावा. बाराच्या संचापेक्षा तो मऊ असतो. सेटअप करून घेताना तोच लावून घ्यावा, कारण तारा बदलल्या की मानेचा बाकही बदलतो.

पावसाळ्यात गिटार बाहेरच्या भिंतीला टांगू नये, ती भिंत ओल धरते. जाड पिशवीत, सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या टाकून, माळ्याखाली नव्हे तर वावरत्या खोलीत ठेवावी. पुड्या अधूनमधून बदलाव्यात. वाजवून झाले की तारा आणि फ्रेटबोर्ड सुक्या सुती कापडाने पुसावेत, नाहीतर श्रावणात फ्रेटच्या कडेने बुरशी दिसू लागते.

गिटार आली त्या दिवशीचे बाराव्या फ्रेटवरचे दोन्ही आकडे तारखेसह कागदावर लिहून पिशवीच्या खिशात ठेवावेत आणि ऑगस्टमध्ये पुन्हा मोजावेत. अर्ध्या मिलिमीटरने वाढलेले दिसले तरी तेव्हा लगेच सॅडल घासून घेऊ नये. फुगलेल्या टॉपवर घासलेली सॅडल हिवाळ्यात बुटकी पडते आणि तारा झणझणू लागतात. दसरा उलटून हवा कोरडी झाली की तिसऱ्यांदा मोजावे आणि तो आकडा घेऊन दुरुस्तीवाल्याकडे जावे.